एकाच घरातले दोन शोध

कोकणकिनाऱ्यावरच्या कोळ्याला पाण्याची खोली आवाजाने मोजता येते, असे सांगितले तर आज त्याला नवल वाटणार नाही. आमच्या कोपरखैरण्यासारखी जुनी आगरी-कोळी गावे ठाण्याच्या खाडीला लागूनच आहेत. पूर्वी दोरीला वजन बांधून तळ पाहत. पुढे यांत्रिक नौकांवर प्रतिध्वनी टिपणारे यंत्र आले. आवाज खाली जातो, तळाला आपटतो, परत येतो. किती वेळ लागला त्यावरून खोली ठरते. हीच युक्ती माणसाच्या देहात वापरली की झाली सोनोग्राफी.

पण मला सांगायचे आहे ते हे यंत्र गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापर्यंत कसे पोचले त्याविषयी. आपल्या आयाबहिणी त्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. खरे म्हणजे पुष्कळदा काहीच म्हणत नाहीत, लपवतात. २०२० सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा रोग जडला आणि सत्त्याहत्तर हजारांवर दगावल्या.

१८८० साली पॅरिसमध्ये पिअर क्यूरी आणि त्याचा थोरला भाऊ जाक यांना असे आढळले की, काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की स्फटिक किंचित आक्रसतो, फुगतो, म्हणजे थरथरतो. ही थरथर पुरेशी वेगाची झाली की कानाला ऐकू न येणारा आवाज निघतो. पिअरचाच विद्यार्थी पॉल लांजव्हँ याने पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या हुडकण्यासाठी हा आवाज समुद्रात सोडून पाहिला. आणि याच पिअरने पत्नी मारीसह १८९८ साली रेडियमचा शोध लावला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच रेडियमच्या नळ्या गर्भाशयात ठेवून या कर्करोगावर उपचार सुरू झाले. म्हणजे बघा, गाठ जाळणारे द्रव्य आणि गाठ मोजणाऱ्या यंत्राचे बीज, दोन्ही एकाच घरातली. त्यांची गाठ पडायला मात्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्या काळी, आणि नंतरही कित्येक वर्षे, गाठ किती वाढली, उपचाराने किती विरघळली हे कळायचे साधन एकच होते, ते म्हणजे डॉक्टरांचे बोट. बोटाला हाताची मुरलेली ओळख असते, हे खरे. पण आत खोलवर काय चालले आहे ते बोटाला कसे समजावे? या रोगाची पायरी ठरवण्याच्या जागतिक नियमांत चित्रतपासणीला पूर्ण मान्यता मिळायला २०१८ साल उजाडले.

मधल्या काळात स्कॉटलंडमध्ये एक गंमत घडली. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले, ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी बरोबर घेऊन. साखर कारखान्यात असतो तसल्या बॉयलरच्या पत्र्यातली चीर आवाजाने शोधायचे यंत्र तिथे होते. त्या यंत्रावर गाठीगाठींतला फरक दिसला. १९५८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून आशा सोडलेल्या एका बाईला प्रत्यक्षात अंडाशयाची पाण्याची गाठ होती, आणि ती काढल्यावर बाई वाचली.

आता उपचार कसा चालतो ते पाहू. रोग पुढे गेलेला असला तर साधारण पाच आठवडे बाहेरून किरण देतात. खेड्यात याला शेक म्हणतात. जोडीला आठवड्यातून एकदा औषधाची सलाईन. टाटा रुग्णालयातल्या ८५० स्त्रियांवरील चाचणीत, जी २०१८ साली प्रसिद्ध झाली, या औषधामुळे पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४६ वरून ५४ वर गेले. त्यानंतर नळी आत बसवून जवळून किरण देतात. सगळे आठ आठवड्यांत आटोपायला हवे.

इथेच सोनोग्राफी उपयोगी पडते. शेक चालू असताना गाठ किती उतरली, तिच्यातला रक्तप्रवाह ओसरला का, हे दिसते. मूत्रपिंड फुगले असेल तर गाठीने लघवीची वाट दाबल्याची शंका घेता येते. नळी बसवताना ती गर्भाशयाची भिंत भेदून पलीकडे तर गेली नाही ना, हे तिथल्या तिथे कळते. एम.आर.आय.चे चित्र याहून सरस, यात वाद नाही. किरणांनी झालेला व्रण आणि उरलेली गाठ यांतला फरक सोनोग्राफीत नेहमीच उमगतो असे नाही. पण एम.आर.आय. महाग, आणि नळी बसवतेवेळी हाताशी असतेच कुठे? टाटातील डॉक्टरांनी २०१२ साली पोटावरून केलेल्या सोनोग्राफीची मापे एम.आर.आय.शी ताडून प्रसिद्ध केली. ती पुष्कळशी जुळली.

शिक्षकबंधूंना एक सांगतो. चार-आठ दिवसांच्या शेकाने अंगावरचे जाणे थांबते आणि बाई म्हणते, “बरं वाटतंय मला, आता कशाला जायचं?” घरचेही पेरणीचे, जनावरांचे दिवस मोजत असतात. अशा वेळी पडद्यावर अजून उरलेली गाठ तिला आणि तिच्या माणसाला दाखवली, तर शब्दांनी होत नाही ते काम होऊ शकते.

गावात सोनोग्राफी म्हटले की मुलगा-मुलगीच आठवते, ही आपल्या समाजाची शरमेची बाजू. १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला. पुढे १९९४ चा केंद्राचा कायदा आला आणि यंत्रांवर नोंदणीचे बंधन पडले. ते योग्यच झाले.

आणि गाठ मोजायची वेळच येऊ नये यासाठी? तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतून १९९९ पासून सव्वा लाखावर स्त्रियांची पाहणी झाली. विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच केली, तिथे या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. ते निष्कर्ष २००९ साली जगापुढे गेले. त्या कामात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाची माणसे गावोगाव फिरली होती.