ब्रायटन नको, वर्दिंग बरे

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच चर्चा सुरू होते : यंदा कुठे जायचे? नामांकित ठिकाणी जावे तर गर्दी, खर्च आणि दगदग. एखाद्या आडगावी जावे तर मुले कंटाळतील ही धास्ती. हा पेच आपल्याला अगदी आजचा वाटतो. परंतु समुद्रकाठी सुट्टी घालवण्याची रूढी ज्या देशात प्रथम रुजली, त्या इंग्लंडमध्ये तो सव्वादोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. राजपुत्राने त्यातून एक वाट काढली, राजाने दुसरी आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनी तिसरी. ह्या निवडीचा परिणाम जाणाऱ्यांवर झाला, त्याहून कितीतरी अधिक तो किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर झाला. आपल्यापैकी पुष्कळांची घरे समुद्राच्या गाजेच्या अंतरावर आहेत. म्हणून परक्या देशाचा हा इतिहास आपण आपुलकीने वाचावा, असे वाटते.

कोळ्यांचे गाव आणि वैद्यांचा समुद्र

समुद्र ही हवा खाण्याची जागा आहे, ही कल्पना मुळात फारशी जुनी नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमधील श्रीमंत माणूस प्रकृतीसाठी जाई तो बाथसारख्या झऱ्यांच्या गावी. समुद्रावर जाई तो मासे मारणारा आणि माल वाहणारा. ससेक्स परगण्यातील ब्रायटन हे असेच कोळ्यांचे गाव होते. १७०३ आणि १७०५ सालच्या वादळांनी त्याची दैना उडवली होती आणि गावाला उतरती कळा लागली होती.

१७५० साली जवळच्याच लुइस गावच्या डॉ. रिचर्ड रसेल ह्यांनी एक लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. शरीरातील ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचे पाणी गुणकारी आहे, असे त्यात प्रतिपादन होते. त्या पाण्याने स्नान करावे, इतकेच नव्हे तर ते प्यावे, असाही त्यांचा सल्ला असे. थोड्याच वर्षांत त्यांनी ब्रायटनला घर बांधून तिथे रुग्णांवर उपचार सुरू केले. रुग्णांमागून त्यांचे नातलग आले आणि नातलगांमागून धडधाकट हौशी माणसे आली.

कोळ्यांच्या कुटुंबांना ह्यातून एक नवा धंदा मिळाला. स्नानासाठी चाकांवरची एक लाकडी खोली असे. घोडा जुंपून ती पाण्यात नेत आणि आतली व्यक्ती कपडे बदलून पायऱ्यांनी खाली उतरली की दणकट बांध्याची एखादी बाई तिला धरून लाटेत बुचकळून काढी. मार्था गन ही अशांपैकी सर्वांत नावाजलेली. १८१५ साली ती वारली, तेव्हा ती नव्वदीच्या घरात पोहोचली होती.

पण ह्या लाभाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गावाच्या मध्यभागी स्टीन नावाचे सामाईक मैदान होते. कोळी तिथे जाळी वाळत घालीत आणि वादळवाऱ्यात होड्या ओढून ठेवीत. पाहुण्यांना फेरफटका मारायला तीच जागा आवडू लागली. पुढे तिथे कुंपणे आली, रस्ते आले, आणि जाळी हळूहळू हद्दपार झाली. ज्यांच्या पूर्वजांनी ते मैदान वापरून राखले होते, तेच तिथे अडचणीचे ठरले.

राजपुत्राचा किनारा

१७८३ साली युवराज जॉर्ज प्रथम ब्रायटनला आला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता. कडक शिस्तीच्या पित्यापासून दूर, जुगार, शर्यती आणि मेजवान्या यांत त्याचे मन रमले. १७८७ साली हेन्री हॉलंड ह्या वास्तुशिल्पज्ञाने त्याच्यासाठी तिथे निवासस्थान उभारले. पुढे १८१५ ते १८२२ ह्या काळात जॉन नॅश ह्याने त्याच वास्तूला घुमट आणि मिनार चढवून हिंदुस्थानी थाटाचा महाल बनवले. कोळ्यांचे गाव आता देशातील सर्वांत झगमगते विहारस्थान झाले.

ह्या झगमगाटात एका कॅथलिक स्त्रीची करुण कथा दडलेली आहे. मराया फिट्झहर्बर्ट ही दोनदा वैधव्य आलेली स्त्री. लग्नाशिवाय युवराजाशी संबंध ठेवण्यास तिने ठाम नकार दिला. अखेर १५ डिसेंबर १७८५ रोजी लंडनमधील तिच्याच घरी दोघांचा विवाह गुप्तपणे झाला. राजाची संमती नसल्यामुळे १७७२ च्या राजघराण्याच्या विवाहविषयक कायद्यानुसार तो अवैध होता. आणि कॅथलिक पत्नी केली असे उघड झाले असते, तर १७०१ च्या कायद्यान्वये युवराजाला सिंहासनाला मुकावे लागले असते. १७९५ साली त्याने दुसरे, राजमान्य लग्न केले. तिने मात्र आपला प्रश्न रोमला नेला आणि १८०० साली तिचा विवाह धर्मदृष्ट्या ग्राह्य असल्याचा निर्वाळा तिला मिळाला. युवराजाने पुढे पुन्हा तिची साथ सोडली, पण ब्रायटनने सोडली नाही. १८३७ साली मृत्यू येईपर्यंत तिचे ब्रायटनचे घर तिला राहिले आणि गावकऱ्यांनी तिचा मान राखला. तिथल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट ह्या कॅथलिक मंदिरात तिला चिरविश्रांती दिली आहे. तेथील तिच्या स्मृतिशिल्पाच्या बोटावर तीन विवाहांच्या तीन अंगठ्या कोरलेल्या आहेत. राज्याने जी तिसरी अंगठी अमान्य केली, ती त्या संगमरवरात आजही आहे.

राजाचा किनारा, राजकन्येचा किनारा

पिता तिसरा जॉर्ज ह्याची निवड अगदी वेगळी होती. १७८८-८९ च्या हिवाळ्यात त्याला बुद्धिभ्रंशाच्या विकाराने गाठले. त्यातून उठल्यावर हवापालटासाठी त्याने ब्रायटनऐवजी डॉर्सेट परगण्यातील वेमथ हे साधे बंदर पसंत केले. १७८९ ते १८०५ ह्या अवधीत तो तिथे वारंवार गेला. पण राजाला एकांत कुठून मिळणार? तो पाण्यात उतरला, तेव्हा शेजारच्या चाकांच्या खोलीत दडवून बसवलेल्या वादकांनी राजगीत सुरू केले, अशी हकिकत राणीच्या सेवेत असलेल्या फॅनी बर्नी हिने लिहून ठेवली आहे. राजाच्या पावलांमागून वेमथचीही भरभराट झाली आणि कृतज्ञ रहिवाशांनी तिथे त्याचा पुतळा उभारला. शांततेसाठी निवडलेले गाव राजाच्या येण्यानेच प्रसिद्ध झाले.

१७९८ साली राजाची सर्वांत धाकटी कन्या अमेलिया हिचा गुडघा क्षयाने धरला. त्या वर्षी ती पंधरा वर्षांची झाली. वैद्यांनी समुद्रस्नान सुचवले. ब्रायटनला सर्व सोयी होत्या; पण तिथे थोरल्या भावाचा दरबार आणि त्याचा गजबजाट होता. तिला ठेवण्यात आले ते ब्रायटनच्या पश्चिमेस सुमारे सतरा किलोमीटरवर असलेल्या वर्दिंगला. ते स्वतंत्र गावसुद्धा नव्हते. ब्रॉडवॉटर ह्या धर्मग्रामाची ती एक वाडी होती. डिसेंबरपर्यंत राजकन्या तिथे राहिली. समुद्राने तिला आयुष्य दिले नाही. १८१० साली सत्ताविसाव्या वर्षी ती वारली. वर्दिंगचे भाग्य मात्र तिच्या मुक्कामाने उघडले. १८०३ साली खास कायदा होऊन तिथे फरसबंदी, दिवे आणि स्वच्छता पाहणारे मंडळ आले.

१८०५ च्या शरद ऋतूत वर्दिंगला आलेल्या पाहुण्यांत एका धर्मोपदेशकाची विधवा आणि तिच्या दोन मुली होत्या. धर्मोपदेशक जानेवारीतच निवर्तले होते आणि घरची मिळकत आटली होती. मुलींपैकी धाकटी म्हणजे कादंबरीकार जेन ऑस्टिन. तोवर तिचे एकही पुस्तक छापलेले नव्हते. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ह्या कादंबरीतील उथळ धाकटी बहीण ब्रायटनला जाते आणि तिथूनच एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते, हे वाचकांना आठवत असेल. शांत गावाविषयीही ऑस्टिनला भाबडे प्रेम नव्हते. मृत्यूच्या वर्षी, १८१७ मध्ये, तिने लिहायला घेतलेली आणि अपुरी राहिलेली ‘सँडिटन’ ही कादंबरी अशाच एका गावाची कथा आहे. त्यातील पार्कर नावाचा उत्साही जमीनदार आपले गाव विहारस्थान बनवण्याच्या ध्यासाने पछाडलेला आहे. बागेने वेढलेले, वाऱ्यापासून आडोशाला असलेले वडिलोपार्जित घर सोडून तो टेकडीवर, सोसाट्याच्या वाऱ्यात नवे घर बांधतो. आपले गाव शांत आहे ह्याचीच तो जाहिरात करीत सुटतो. आणि ती यशस्वी झाली तर शांतता उरणार नाही, हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. वाड्या विकून किनाऱ्याकडे डोळे लावून बसलेला असा पार्कर आपण आपल्या गावातही पाहिला आहे.

शांततेची किंमत

वर्दिंगच्या इतिहासातील एक गोष्ट धर्मगुरू ह्या नात्याने मला विशेष अस्वस्थ करते. पाहुणे वाढले, तेव्हा त्यांना उपासनेसाठी ब्रॉडवॉटरपर्यंतची पायपीट नको म्हणून १८१२ साली वर्दिंगमध्ये अँग्लिकन पंथाचे नवे मंदिर उघडले. त्यासाठीचा पैसा तिथली आसने विकून उभा केला होता. आसने ऐपतदारांच्या मालकीची झाली. मोलमजुरी करणाऱ्यांना, ज्यांच्या कष्टांवर ते गाव पाहुण्यांसाठी सजत होते, प्रभूच्या घरात बसायला हक्काची जागा उरली नाही. गरिबांसाठी मोफत आसनांचे दुसरे मंदिर व्हायला १८४३ साल उजाडले. म्हणजे सुमारे तीस वर्षे एका शांत, सभ्य, सुसंस्कृत गावाने हा भेद निमूटपणे चालू दिला. शांत गाव म्हणजे सद्गुणी गाव, असे समजण्याचे कारण नाही.

गजबजलेल्या ब्रायटनला त्याच्या वाट्याचे श्रेयही दिले पाहिजे. पाटण्यात जन्मलेल्या दीन मोहमद ह्या आपल्या देशबांधवाने १८१४ च्या सुमारास तिथे बस्तान बसवले आणि वाफेचे स्नान व चंपी यांचा व्यवसाय चालवून राजघराण्यापर्यंत लौकिक मिळवला. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्या चांपण्याचाच वंशज. पुढे पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून सुमारे वर्षभर, युवराजाचा तो घुमटांचा महाल जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय झाला. जातिधर्मांनुसार त्यांच्यासाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे होती. जे हिंदू आणि शीख सैनिक तिथे मृत्यू पावले, त्यांच्यावर गावाबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. त्या जागी १९२१ साली उभारलेली पांढरी छत्री आजही समुद्राकडे पाहत उभी आहे. परक्याला सामावून घेण्याची सवय असलेले गाव प्रसंगी अशा सेवेलाही उपयोगी पडते.

आगगाडीने सारेच चित्र बदलले. २१ सप्टेंबर १८४१ रोजी लंडन-ब्रायटन मार्ग पुरा झाला. १८४५ साली गाडी वर्दिंगलाही पोहोचली. स्वस्त तिकिटांच्या सहलींमुळे लंडनचा कामगार आयुष्यात प्रथमच समुद्र पाहू लागला. १८०१ साली सुमारे सात हजार वस्ती असलेल्या ब्रायटनमध्ये १८५१ साली पासष्ट हजारांवर माणसे होती. राणी व्हिक्टोरियाला ही गर्दी सोसेना. १८४५ नंतर तिने ब्रायटनचा महाल वापरला नाही. तो १८५० साली नगरालाच विकण्यात आला. त्याऐवजी तिने वाइट बेटावरील ऑस्बर्न ही मालमत्ता स्वतःच्या खासगी किनाऱ्यासह विकत घेतली. १९०१ साली तिने देह ठेवला तोही तिथेच. तिच्या आजोबांना जो एकांत वेमथच्या लोकांमध्ये लाभला नाही, तो तिने कुंपण घालून मिळवला. मात्र ज्या कामगाराने वर्षातून एक दिवस समुद्र पाहिला, त्याच्या आनंदाला ‘गर्दी’ म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

वर्दिंग वाढत गेले, पण जमिनीखालची व्यवस्था त्या वाढीला पुरी पडली नाही. १८९३ साली गावाच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळले आणि विषमज्वराची साथ उसळली. जवळजवळ दोनशे माणसे दगावली. त्या वर्षीचा उन्हाळी हंगाम बुडाला. पाहुणे दुसरीकडे गेले. गावकऱ्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. पाहुणा शांतता निवडतो, तेव्हा त्याला न आवडल्यास दुसरे गाव निवडता येते. ज्याची विहीर तिथेच आहे, ज्याची कबर तिथेच व्हायची आहे, त्याला ती मुभा नसते.

वसईच्या पट्ट्यापासून गोराई-उत्तनपर्यंत आपला किनारा महानगराच्या अगदी उशाशी आहे. मुंबईकर ‘गर्दी नको’ म्हणून जिथे येतात ती वर्दिंगे म्हणजे आपली गावे. त्यांनी यावे, पाहुणचार हा आपला धर्म आहे. पण बोंबील वाळत घालण्याच्या मांडवांना वासाच्या तक्रारीवरून मागे सरकावे लागू नये, बावखलाचे आणि विहिरीचे पाणी आधी गावाला पुरावे आणि किनाऱ्याची सामाईक जागा गावाच्या संमतीवाचून कोणाच्या कुंपणात जाऊ नये, एवढे पाहण्याची जबाबदारी आपली आहे. स्टीनवरच्या कोळ्यांची जाळी एका दिवसात गेली नाहीत. दरवर्षी थोडी थोडी मागे सरकत गेली. आपल्यालाही ह्या सुट्टीत एखाद्या दूरच्या, साध्या गावी जाण्याचा योग आला, तर तिथे आपण पाहुणे आहोत आणि त्या गावाची जाळी कुठेतरी वाळत पडलेली आहेत, हे ध्यानात ठेवून चालावे.