धरणाकाठचा रविवार

आमचा शहापूर तालुका म्हणजे धरणांचा तालुका. तानसा त्यातलं जुनं, १८९२ सालचं. मग वैतरणेवर मोडकसागर झाला, पुढं भातसा. पाणी मुंबईला जातं, आणि तेच पाणी बघायला मुंबईकर इकडं येतात. पावसाळ्यात रविवारी गाड्यांची रांग लागते. भजी, कणसं, फोटो. आमच्या ठाकर-कातकरी बायांच्या रानभाज्या खपतात, चार पैसे सुटतात. ते चांगलंच.

पण धरणं व्हायच्या आधीही नदीकाठी मौज होतीच की! डोहात पोहणं, गळ टाकून बसणं, आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे. नदीतले मासे ओहोळानं चढून थेट भाताच्या खाचरात यायचे, सगळा गाव कंदील घेऊन बांधावर. भिंत आडवी आली की मासा वर चढायचा कुठून? आणि बुडीत खाचरांवर आता तळं आहे, त्याला लोक 'व्ह्यू' म्हणतात.

एप्रिल-मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. तेव्हा सहलीला कुणी येत नाही.

आमच्या किन्हवलीकडं काळू आणि शाई अजून मोकळ्या वाहतात. त्यांच्यावरही धरणांची बोलणी बरीच वर्षं चालू आहेत. बांधायचीच तर आधी काठच्या हंड्याचा हिशेब करा. सहलीचं मग बघू.