हवा धरलेले इंजिन

मुंब्र्याकडून पनवेलला जाणाऱ्या रस्त्याला कल्याणचा रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या शीळफाट्यावर ट्रकची वर्दळ दिवसरात्र असते. रस्त्याच्या कडेला लहान-मोठी गॅरेजे आहेत. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या एका परिचितांची जुनी डिझेल मोटार अशाच एका गॅरेजात आम्ही ढकलत नेली. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होईना. बॅटरी ठणठणीत होती, सेल्फही जोमाने फिरत होता. आधी दाखवले तेथे ‘पंप गेला’ असे निदान झाले होते, आणि तो खोलून कॅलिब्रेशनला पाठवण्याचा जो खर्च सांगितला गेला, तो परिचितांच्या निम्म्या पगाराइतका होता.

शीळफाट्याच्या मिस्त्रींनी पंपाला हातही लावला नाही. त्यांनी एका मुलाला सेल्फ मारायला बसवले आणि स्वतः गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहत उभे राहिले. धूर आला नाही. पांढरा धूर आला असता, तर डिझेल आत पोचते आहे पण पेटत नाही, असा अर्थ झाला असता. मग हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन तपासावे लागले असते. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. मग त्यांनी फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबला. स्क्रूपाशी डिझेलऐवजी फेस आला. “पंप नाही गेला साहेब, लाईन एअर खातेय,” ते म्हणाले.

विहिरीवरचे इंजिन चालवणारा शेतकरी हेच ‘इंजिनाने हवा धरली’ असे म्हणतो. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढच्या काळात महाराष्ट्राच्या गावोगावी डिझेल इंजिने पोचली. त्यांच्याबरोबर हा शब्दप्रयोगही रुळला. पण हवेवाचून ज्याचे चालत नाही, त्या इंजिनाला हवेचेच वावडे का असावे? याचे उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

रुडॉल्फ डिझेल हे म्यूनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांचे विद्यार्थी. सिलिंडरमधील हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी आणि तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे, ही त्यांची कल्पना. 1892 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्यात प्रयोग सुरू झाले. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्याच ज्वलनात दाब नोंदवणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. इंधन पेटते हे तर कळले, पण ते आत सोडायचे कसे? डिझेल यांनी प्रथम ते पंपाने थेट सोडून पाहिले. तेवढ्या दाबाने, नेमके हवे तेवढेच आणि नेमक्या क्षणी इंधन देणारा पंप त्या काळच्या कारागिरीच्या आवाक्यात नव्हता. शेवटी त्यांनी हवेचीच मदत घेतली. एका कॉम्प्रेसरने हवा सिलिंडरमधील दाबापेक्षाही अधिक दाबायची आणि तिच्या झोताबरोबर इंधनाचा फवारा आत फुंकायचा. 1897 मध्ये प्रा. मोरिट्झ श्रोटर यांनी ज्या इंजिनाची चाचणी घेतली आणि ज्याची कार्यक्षमता 26.2 टक्के भरली, ते असेच हवेच्या झोतावर चालणारे होते. त्या काळची वाफेची यंत्रे याच्या जवळपासही नव्हती.

कॉम्प्रेसर मात्र अवजड होता आणि इंजिनाच्या शक्तीचा काही भाग तोच खाऊन टाकी. कारखान्यात किंवा जहाजावर हे चालून गेले. मोटारीत ते शक्य नव्हते. स्वतः डिझेल यांना आपले इंजिन मोटारीत बसलेले पाहायला मिळाले नाही. 1913 मध्ये इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले.

वाट काढली ती पंपानेच. बेंझ कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज यांनी या दिशेने बरेच काम केले होते. पण मोठ्या संख्येने बनवता येईल असा पंप 1927 साली श्टुटगार्टच्या बॉश कारखान्यातून बाहेर पडू लागला, आणि 1936 मध्ये मर्सिडीज-बेंझ 260 डी ही डिझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात आली. या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो. आपल्याकडे हे तंत्र 1951 साली बंगळूरला स्थापन झालेल्या मायको कंपनीबरोबर आले. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल तयार होऊ लागले.

आता हवेकडे वळू. लहान मोटारीच्या इंजिनात पंप एका वेळी साधारण 25 घन मिलिमीटर डिझेल ढकलतो, म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या निम्मे. नोझलची सुई स्प्रिंगने दाबून धरलेली असते. जुन्या इंजिनांत ती उचलली जायला सव्वाशे बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या सव्वाशेपट दाब लागतो. एवढ्या दाबाखाली डिझेल एक टक्काही आकसत नाही, त्यामुळे दट्ट्या हलला की दाब लगेच चढतो. त्याच नळीत ज्वारीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा शिरला, तर बॉईलच्या नियमानुसार सव्वाशे बारला पोचण्याआधी तो सव्वाशेपट लहान व्हायला हवा. दट्ट्याची सगळी धाव तेवढ्यातच संपते आणि सुई उचललीच जात नाही. दट्ट्या मागे आला की बुडबुडा पुन्हा फुगतो. सेल्फ कितीही मारा, बुडबुडा जागच्या जागी आकसत-फुगत राहतो.

वर्गात हे सुईविना सिरिंज घेऊन दाखवता येते. ती पाण्याने काठोकाठ भरून टोक बोटाने बंद करावे आणि दट्ट्या दाबावा. मग निम्मी हवा ठेवून पुन्हा दाबावा. मुलांच्या अंगठ्यालाच फरक कळतो.

मिस्त्रींचे काम मात्र अजून संपले नव्हते, कारण हवा कोठून येते हे शोधायचे होते. डिझेलची गळती कोठेच दिसत नव्हती. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, म्हणून तेथील दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तेथे चीर पडली, तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी वरून कोरडीच राहते. रात्रभरात त्या वाटेने हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरते. गाडी सकाळीच का अडत होती, हे यावरून उलगडले.

त्यांनी स्वच्छ डिझेलचा एक लहान कॅन पंपाहून उंच टांगला, त्याची नळी थेट पंपाला जोडली, हवा काढली आणि सेल्फ मारायला सांगितले. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन सुरू झाले. टाकी, नळी आणि फिल्टर बाजूला काढून बाकी सारे तसेच ठेवले, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलली. प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांकडून हे करवून घेताना पुष्कळ वेळ घालवतो. पंप निर्दोष ठरायला दहा मिनिटे लागली. चीर फिल्टरच्या अलीकडच्या रबरी नळीत, पट्टीखाली निघाली.

या फाट्यापासून डोंबिवलीकडे जाताना कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथे प्यूजो 309 ही मोटार बनत असे, डिझेलवर चालणारीसुद्धा. आज त्या जागेवर निवासी इमारती उभ्या आहेत. पंपही बदलला आहे. 1997 पासून मोटारींत कॉमन रेल पद्धत आली. तिच्यात सगळ्या नोझलना एकाच नळीतून इंधन मिळते आणि दाब एक हजार बारच्या पुष्कळ वर जातो. जुन्या इंजिनावर मिस्त्री नोझलजवळचा नट सैल करून डिझेल येते का ते पाहत. कॉमन रेलवर हे कोणीही करू नये. तेथून निघणारी बारीक धार कातडी भेदून बोटात शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि कधी कधी बोट गमवावे लागते.

एप्रिल 2020 मध्ये भारत-6 मानके लागू झाल्यावर काही कंपन्यांनी लहान डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. आमच्या परिचितांनी त्यांची गाडी त्याआधीच विकली होती. मिस्त्रींनी त्या दिवशी नळीचे आणि दोन पट्ट्यांचे पैसे घेतले, मजुरी वेगळी. कॅनमध्ये उरलेले डिझेल त्यांनी गाळून परत बाटलीत भरून ठेवले.