पाचूमधील दोष : इतिहासाचे एक साधन

रत्नपरीक्षेत पाचूची धूसरता हा दोष मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तोच पुरावा ठरतो. सोळाव्या शतकापासून स्पॅनिशांच्या ताब्यातील कोलंबियाचे पाचू गोव्याच्या बाजारपेठेमार्गे मोगल दरबारी पोहोचले. त्यांतील सूक्ष्म पोकळ्यांत खारट द्रव, वायूचा बुडबुडा व मिठाचा घनाकार स्फटिक एकत्र आढळतात. अशा खुणा अफगाणिस्तानातील पंजशीरच्या पाचूतही सापडत असल्याने रासायनिक परीक्षणाची जोड आवश्यक ठरते. याउलट, कॅरोल चॅथम यांनी १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत घडविलेल्या पाचूत ज्या वितळलेल्या द्रावणात तो वाढला, त्याचेच अवशेष पडद्यांप्रमाणे अडकलेले दिसतात. धूसरता दोहोंतही आहे. परंतु एकीत भूगर्भाचा, दुसरीत भट्टीचा इतिहास आहे. म्हणून संग्रहालयीन नोंदींत वजन व रंगाबरोबरच या दोषांचीही नोंद व्हावी.