शेळी रानातून मळ्यात

मंडळी, शेळी हे रानात हिंडून शेंडे खुडणारं जनावर. मग तिच्यासाठी मळ्यात चारा लावायची वेळ का आली?

१८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलं ठरली, चराईवर बंधनं आली. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुले हीच तक्रार मांडतात: डोंगर, पडीक जमिनी, गायरानं जंगलखात्यानं घेतली, गरिबाच्या शेरडाकरडांना जागा उरली नाही.

मळ्यात मात्र पाला होताच. मिरज भागातला पानमळा बघा. पानवेलीला आधार आणि सावली म्हणून शेवरी, शेवगा, हादगा लावतात. सावली फार दाटली की फांद्या छाटाव्याच लागतात. तो पाला जातो शेळीपुढे. वेलीची निगा आणि शेळीचा चारा, दोन्ही एकाच कोयत्यात!

पुढे १९७० च्या दशकात उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ'नं सुबाभळीचा प्रसार केला. बांधावर लावा, कापा, पुन्हा फुटते. पण नुसती तीच घालून चालत नाही; तिच्यातल्या मायमोसिनमुळे केस गळतात. म्हणून इतर चाऱ्यात मिसळून द्यायची.

आता खरा मुद्दा. रानातला पाला कुणीही आणायचं. मळ्यातला पाला ज्याचा बांध, ज्याचं पाणी, त्याचाच. आणि शेळी तर बहुतेकदा भूमिहीनाच्या नाहीतर अल्पभूधारकाच्या दारात! तिच्या चाऱ्याचा इतिहास म्हणजे शेवटी जमिनीचाच इतिहास. पुढच्या वेळी गायरानांपासूनच सुरुवात करू.