आरेखन-दृश्ये, संगणकीय
यंत्रभागाचे त्रिमितीय रूप सपाट कागदावर नेमकेपणाने दाखविण्यासाठी निरनिराळ्या दिशांनी त्याचे जे प्रक्षेप काढतात, त्यांना आरेखन-दृश्ये म्हणतात. पुरोदृश्य, वरदृश्य व पार्श्वदृश्य ही त्यांतील मुख्य होत. अंतर्रचनेसाठी छेददृश्याची व बारकाव्यांसाठी मोठ्या प्रमाणावरील तपशीलदृश्याची जोड देतात. पूर्वी आरेखक ही दृश्ये एकेक रेषा ओढून काढीत असे. संगणकसाहाय्यित अभिकल्पात (कॅड) ती एकाच घन प्रतिमानापासून मिळविली जातात.

या विषयाचा शास्त्रीय पाया फ्रेंच गणितज्ञ गास्पार माँझ यांनी घातला. मेझिएर येथील लष्करी विद्यालयात तटबंदीच्या आखणीसाठी त्यांनी शोधलेली पद्धत लष्कराने दीर्घकाळ गुप्त ठेवली होती. १७९५ मध्ये तिच्यावर त्यांची जाहीर व्याख्याने झाली व १७९९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परस्परांस लंब असलेल्या दोन प्रतलांवर वस्तूचे प्रक्षेप घेऊन ती प्रतले एका पातळीत उलगडणे, हे तिचे सार होय.

प्रतले कशी उलगडावयाची यावरून दोन प्रघात पडले. प्रथम कोन पद्धतीत वरदृश्य पुरोदृश्याच्या खाली व डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे मांडतात. यूरोपात ही पद्धत रूढ झाली. तृतीय कोन पद्धतीत वरदृश्य वर व डावे दृश्य डावीकडेच येते. अमेरिकेत ती स्थिरावली. भारतात याबाबत बराच काळ धरसोड झाली. भारतीय मानक संस्थेने आयएस ६९६ या संहितेच्या १९५५ व १९६० च्या आवृत्त्यांत तृतीय कोन पद्धतीची शिफारस केली, १९७२ च्या आवृत्तीत निवड वापरणाऱ्यावर सोपविली आणि १९८८ च्या एसपी ४६ या पुस्तिकेत प्रथम कोन पद्धत पुरस्कारिली. यामुळे एकाच कारखान्यात जुने व नवे आरेखक निरनिराळ्या वळणांचे असणे स्वाभाविक होते. हा भेद केवळ विद्यालयीन नव्हे. असममित भागाचे आरेखन चुकीच्या कोनाने वाचले, तर कातारी किंवा जुळारी त्याची आरशातील प्रतिमा घडवितो आणि तो भाग जुळणीत बसत नाही. शीर्षक-चौकटीत छिन्नशंकूचे लहानसे चिन्ह देतात ते यासाठीच.

संगणकाच्या पडद्यावर दृश्ये परस्परांशी जोडण्याचा प्रारंभीचा प्रयत्न मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत झाला. आयव्हन सदरलंड यांच्या स्केचपॅडपाठोपाठ टिमथी जॉन्सन यांनी १९६३ मध्ये स्केचपॅड-३ सिद्ध केले. त्यात तीन लंबकोनी दृश्ये व एक यथार्थदर्शन एकाच वेळी दिसत आणि एका दृश्यातील रेषा इतरांतही उमटे. १९८२ मध्ये आलेले ऑटोकॅड प्रारंभी मात्र विद्युत्‌ फळाच ठरले. रेषा सुबक, पण प्रत्येक दृश्य वेगळे काढावे लागे. खरा पालट प्रो-इंजिनियरने त्या दशकाच्या उत्तरार्धात व सॉलिडवर्क्सने १९९५ मध्ये घडविला. यांत दृश्य हे प्रतिमानाचे फलित असते; प्रतिमानातील छिद्राचा व्यास बदलला की सर्व दृश्ये व त्यांतील मापे बदलतात.

मुंबईच्या उपनगरांत या विद्येचे एक केंद्र आरे कॉलनीच्या आसपास तयार झाले. १९४९ मध्ये वसविलेल्या या दुग्धवसाहतीच्या दक्षिणेस १९७३ मध्ये स्थापन झालेले सीप्झ व आग्नेयीस पवई येथे १९५८ मध्ये सुरू झालेली भारतीय तंत्रविज्ञान संस्था आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पुढे गेले की विक्रोळी लागते. तेथे गोदरेज समूहातून पुढे आलेल्या जिओमेट्रिक या कंपनीने फीचरवर्क्स ही आज्ञावली सॉलिडवर्क्ससाठी तयार केली. दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या घनाकृतीत छिद्रे, खाचा, गोलाई हे घटक ओळखता येत नसत. तसे घटक नसल्यास दृश्यांत प्रतिमानाची मूळ मापे आपोआप उतरविता येत नाहीत. ही आज्ञावली ते घटक पुन्हा ओळखून देते. जिओमेट्रिकचा मुख्य व्यवसाय २०१७ मध्ये एचसीएल टेक्नॉलॉजीजकडे गेला.

सोयीबरोबर जोखीमही आली. कोनपद्धती आता आरेखकाच्या सवयीवर नव्हे, तर आज्ञावलीच्या साच्यावर ठरते. अमेरिकी साचा तसाच वापरला, तर तृतीय कोन नकळत लागू होतो. प्रतिमानाच्या धारिकेचे नाव वा जागा बदलली तर दृश्याचा तिच्याशी संबंध तुटतो. दृश्यातील माप हाताने खोडून नवा आकडा लिहिला, तर आरेखन एक सांगते व प्रतिमान दुसरे. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक समजावा; कारण मुद्रित कागदावर तो दिसत नाही. प्रमाण कोणते मानावयाचे, या प्रश्नाला २००३ च्या अमेरिकी मानकाने (एएसएमई वाय १४.४१) वेगळी दिशा दिली. मापे व सहिष्णुता थेट प्रतिमानावरच नोंदविण्याची रीत त्याने ठरवून दिली. अनेक कारखान्यांत यंत्राजवळ आजही मुद्रित दृश्येच वापरली जातात.