पत्रांतला संसार

लढायांच्या तारखा इतिहासात नोंदल्या जातात. लढणाऱ्यांची घरी कोण वाट पाहत होते, हे मात्र सहसा नोंदले जात नाही. ते कळते घरी धाडलेल्या पत्रांवरून. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गारच्या युद्धात नेल्सन पडला, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्यामागे इंग्रजी आरमाराची सूत्रे ज्याने हाती घेतली, त्या कथबर्ट कॉलिंगवूडचे नाव आपल्या कानांवर क्वचितच पडते. आज त्याच्या पराक्रमाविषयी नव्हे, तर त्याच्या पत्रांविषयी बोलावयाचे आहे.

कॉलिंगवूड न्यूकॅसलचा. कोवळ्या वयातच तो जहाजावर चढला, पुढे कप्तान झाला आणि चढत चढत ॲडमिरलच्या पदास पोहोचला. 16 जून 1791 रोजी सेरा ब्लॅकेटशी त्याचा विवाह झाला आणि दोन वर्षांत दोन मुली झाल्या. पण 1793 साली फ्रान्सशी युद्ध पेटले आणि घर सुटले. 1803 साली तो पुन्हा समुद्रावर गेला, तेव्हा मुली दहा-अकरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्याने घराचा उंबरठा पाहिला नाही.

याचे कारण नाकेबंदी. शत्रूची जहाजे बंदराबाहेर पडू नयेत म्हणून स्वतःची जहाजे वर्षानुवर्षे त्या बंदरासमोर तरंगत ठेवावयाची, असे ते काम. अन्नपाणी येई तेही समुद्रावरूनच. एकदा तर सलग 22 महिने त्याने नांगर टाकला नाही. अशा माणसाला संसार करावयाचा तो कागदावर. एखादे जहाज मायदेशी निघाले की त्याबरोबर टपाल जावयाचे, आणि उत्तरासाठी आठवडे, कधी महिने थांबावयाचे.

नवल असे की, या पत्रांत तोफांपेक्षा घरच्याच गोष्टी अधिक येतात. मुलींना भूमिती शिकवा, तिच्यासारखे मनोरंजक शास्त्र नाही, असे तो पत्नीस बजावतो. मुलींनी भूमिती शिकावी असे म्हणणारे बाप त्या काळी किती असतील? ट्रफाल्गारनंतर त्याला लॉर्ड ही पदवी मिळाली. तेव्हा बाउन्स नावाच्या आपल्या कुत्र्याच्याच डोक्यात ती पदवी शिरली आहे, अशी थट्टा त्याने पत्रात केली. 1806 च्या 16 जूनला, लग्नाच्या वाढदिवशी, त्याने आवर्जून पत्नीस पत्र लिहिले.

ओकची झाडे लावा, हेही त्याचे एक पालुपद. जहाजे ओकच्या लाकडाची. आज लावलेले झाड पुढे कधीतरी आरमाराच्या उपयोगी पडेल, ही दृष्टी. हिंदुस्थानात त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया इंग्रजी आरमारासाठी 'मिंडेन' हे सागवानी लढाऊ जहाज बांधीत होते. ते 1810 साली पाण्यात उतरले.

पण दूरदृष्टीच्या या माणसाला जवळचे दुःख दिसत नव्हते असे नाही. आपल्या मुली आपल्याला जेमतेम ओळखतात, अशी खंत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. प्रकृती ढासळली तेव्हा त्याने परत येण्याची परवानगी मागितली, पण सरकारला त्याच्या जागी दुसरा माणूस नको होता. 1809 साली बाउन्सही गेला. अखेर अधिकार सोडून 6 मार्च 1810 रोजी तो मिनॉर्का बेटावरील माहोन बंदरातून घराकडे निघाला, आणि दुसऱ्याच दिवशी जहाजावर त्याचा अंत झाला. मुली तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. राष्ट्राने त्याला लंडनच्या सेंट पॉल मंदिरात नेल्सनशेजारी चिरविश्रांती दिली.

1828 साली त्याच्या जावयाने ही पत्रे छापून प्रसिद्ध केली, म्हणून हा बाप आपल्याला भेटतो. ओक वाढायला शंभर वर्षे लागतात. 1860 साली 'वॉरियर' हे लोखंडी लढाऊ जहाज पाण्यात उतरले आणि ओकची गरजच सरत चालली. ज्या आरमारासाठी त्याने घर सोडले, ते असे बदलून गेले. राष्ट्राची सेवा मोठी खरी. परंतु तिची किंमत एकटा सेवक मोजत नाही, दाराशी टपालाची वाट पाहणारी माणसेही ती मोजत असतात. विजयाचा हिशेब मांडताना त्यांच्या वाट्याची ही रक्कमही इतिहासाने जमेस धरली पाहिजे.